आधी दांडी, मग खुराडं

कोंबड्यांचं खुराडं बांधायचं म्हटलं की माणसं आधी पत्र्याचा भाव काढतात, जाळी किती लागेल ते मोजतात, आणि सगळं उभं राहिल्यावर हाताला लागेल ती काठी आडवी ठोकून मोकळी होतात. आम्हीही तेच केलं होतं. पण परसातली कोंबडी दिवसभर बाहेर असते, खुराड्यात ती येते झोपायला. तिन्हीसांजेपासून उजाडेपर्यंतचे अकरा-बारा तास ती त्या एका काठीवर काढते. म्हणून मी आता कुणालाही सांगते, आधी दांडी ठरवा, तिची मापं कागदावर काढा आणि मग तिच्याभोवती खुराडं बांधा.

आमचं घर दापोली तालुक्यात, समुद्र फार लांब नाही. पावसाची झड आणि दमट हवा या दोन गोष्टी धरूनच मी पुढचं सगळं सांगते आहे. माझ्याकडे गावठी अकरा कोंबड्या आणि एक कोंबडा, शिवाय जड जातीच्या चार गिरिराज. खुराडं आतून ६ फूट बाय ६ फूट. पूर्वेची भिंत बंद, बाकी तिन्ही बाजूंना खाली दोन फूट चिऱ्याची भिंत आणि वर जाळी, माथ्यावर पत्रा.

बांधायला घेण्याआधी चार संध्याकाळी नुसत्या बघण्यात घालवा. आमच्या सासूबाईंनी मला हे करायला लावलं. "अगो, त्या कुठं चढतात ते बघ आधी," म्हणाल्या. दिवेलागणीच्या आधी वीसेक मिनिटं कोंबड्यांची चलबिचल सुरू होते. सगळ्यांत जुनी काळुंद्री मान तिरकी करून वर बघते, अंतर जोखते, एकदा बसकण मारते, परत उठते आणि मग झेप घेते. तिच्या मागून बाकीच्या चढतात. चढल्यावर ढकलाढकली, टोचाटोची, जागांची अदलाबदल. अंधार पडायच्या आत सगळं शांत. आमच्या कोंबड्या गोठ्याच्या वाशावर जाऊन बसायच्या, नाहीतर फणसाच्या खालच्या फांदीवर. ती फांदी मी मोजली. जाडीला मनगटाहून थोडी जास्त, साल गुळगुळीत, पश्चिमेच्या वाऱ्याला खोडाचा आडोसा आणि खालून कुणी चढलं तर हलून कळेल अशी. त्यांनी स्वतः निवडलेली जागा अशी होती आणि आम्ही त्यांना देत होतो अर्ध्या फुटावर ठोकलेली चपटी पट्टी.

कोंबडीचा मूळ पूर्वज लाल रानकोंबडा. आपल्या सह्याद्रीत पहाटे आरवतो तो राखी रानकोंबडा. दोघंही रात्री झाडावर किंवा बांबूच्या बेटात चढूनच झोपतात. जमिनीवर झोपलेल्या पक्ष्याला मुंगूस, कोल्हा, रानमांजर उचलतं, म्हणून उंचीची ओढ कोंबडीच्या अंगातच आहे. तिला उंच जागा दिली नाही तर ती अंड्याच्या पेटीच्या टपावर चढेल, पाण्याच्या भांड्यावर बसेल, पण खाली बसून निश्चिंत झोपणार नाही.

आता दांडी कशाची घ्यायची ते. आमची पहिली दांडी पोफळीची होती. वाडीत मोडून पडलेली पोफळ होती, ती फाळून तिच्या पट्ट्या काढल्या. फुकट झालं म्हणून आनंद झाला. पोफळीची फाळ वरून टणक, पण कडेला तिचे धागे सुटतात आणि सुईसारखे उभे राहतात. दोनेक महिन्यांनी टिपकी लंगडायला लागली. तिला मांडीवर उलटी घेतली, पाय कोमट पाण्यात भिजवून स्वच्छ केला आणि उजेडात धरला, तर तळव्याच्या मधल्या गादीवर मसुराएवढी काळी खपली आणि भोवती गरम, ताणलेली सूज. खपलीच्या कडेला पोफळीचं कुसळ अजून दिसत होतं. जनावरांच्या डॉक्टरांनी ते साफ करून पट्टी बांधली, औषध दिलं, बरी व्हायला तीन आठवडे लागले. त्या संध्याकाळी मी सगळ्या पट्ट्या उपटून चुलीत घातल्या.

तेव्हापासून मी सुरूचे वासे वापरते. किनाऱ्याकडे ते सहज मिळतात, सरळ असतात आणि बऱ्यापैकी कडक असतात. सुरू नसेल तर गिरीपुष्पाची जुनी फांदी, निलगिरी, जांभूळ, ऐन, जे सरळ आणि घट्ट लाकूड मिळेल ते घ्या. शेवगा आणि पांगारा नको, मऊ लाकूड एका पावसात खचतं. कुठलंही लाकूड असो, साल पूर्ण सोलून काढा. सालीखाली उवा-गोचिडी घर करतात, त्याबद्दल पुढे सांगते. साल काढल्यावर गाठी तासा, पॉलिश पेपर मारा, आणि शेवटी डोळे मिटून तळहात सगळ्या दांडीवरून फिरवा. तुमच्या हाताला जे टोचेल ते त्यांच्या पायाला रोज रात्री टोचणार.

सुताराकडून चौकोनी रीप करून घ्यायची असेल तर २ इंच रुंद, दीड इंच जाड करून घ्या, दोन इंची बाजू वर ठेवा आणि वरच्या दोन्ही कडांना रंध्याने गोलाई मारायला सांगा. कड तशीच राहिली तर बोटाच्या सांध्याला काचते.

जाडी कशी ठरवायची? कोंबडी हातात घ्या आणि तिचा पाय हळूच पोटाशी दुमडा. बोटं आपोआप मिटतात. पाय दुमडला की मागची शीर ताणली जाते आणि बोटं आत ओढली जातात, अशी तिच्या पायाची रचनाच आहे. अंगाचं वजन पायावर सोडून ती बसते तेव्हा दांडीवरही तेच होतं. पुढची तीन बोटं वरून येऊन पुढच्या बाजूला अलगद वळली पाहिजेत. पेन्सिलीसारख्या बारीक काठीवर नखं फिरून तळव्यालाच टेकतात आणि सगळं वजन छातीच्या हाडावर येतं, ते हाड वाकडं होतं. गावठीला दीड ते दोन इंच पुरे, गिरिराजसारख्या जड कोंबडीला दोन ते अडीच.

काही जण परदेशातले व्हिडिओ बघून चार इंच रुंद फळी लावतात. तिकडे बर्फ पडतो. रुंद फळीवर बोटं सपाट पसरतात, कोंबडी त्यावर पिसं फुलवून बसते आणि बोटं गोठत नाहीत. तिथे ते बरोबर आहे. आपल्याकडे बोटं गोठायचा प्रश्न नाही, आणि रुंद फळीवर विष्ठा साचून राहते. पावसाळ्यात ती वाळत नाही आणि कोंबड्या रात्रभर त्याच ओल्यात उभ्या राहतात.

बांबू सगळ्यांना सोपा वाटतो. तो गुळगुळीत, त्यात जाड बांबूवर पाय घसरतो, आणि पोकळ असल्यामुळे आतली पोकळी ही किड्यांची धर्मशाळा. बांबूच घ्यायचा असेल तर दोन इंची घ्या, पॉलिश पेपरने त्याचा तुकतुकीतपणा काढा आणि दोन्ही टोकं सिमेंटने बुजवा. घसरू नये म्हणून त्यावर काथ्या गुंडाळायचा मोह होतो. गुंडाळू नका, काथ्याचा एकेक पीळ म्हणजे किड्यांना लपायला फट. प्लास्टिकचा पाइप घसरतो. लोखंडी पाइपही घसरतो, शिवाय वैशाखात पत्र्याखाली तापतो.

जागेचा हिशोब सोपा आहे. गावठीला ९ इंच, जडीला १ फूट. माझ्या बारा गावठींना १०८ इंच म्हणजे ९ फूट दांडी लागते. मी ६ फुटांच्या दोन दिल्या आहेत, म्हणजे ३ फूट जास्त. ही जास्तीची जागा सोडाच, कारण प्रत्येक कळपात एक-दोन दबलेल्या कोंबड्या असतात आणि त्यांना कुणीच शेजारी घेत नाही. थंडीत सगळ्या एकमेकींना चिकटून बसतात आणि अर्धी दांडी रिकामी दिसते, म्हणून ती कमी करू नका. एप्रिल-मे महिन्यात बघा, पंख अंगापासून सोडून त्या हातभर लांब लांब बसतात.

मागच्या भिंतीपासून पहिली दांडी १५ इंचांवर ठेवा. भिंतीला खेटून असेल तर शेपटी घासून तुटते आणि भिंत विष्ठेने माखते. पहिलीपासून दुसरी आणखी १५ इंचांवर. दोन्ही दांड्या एकाच उंचीवर, जमिनीपासून अडीच फूट. पायऱ्यांसारख्या चढत्या दांड्या दिसायला छान दिसतात, पण सगळ्यांना वरचीच हवी असते. रोज संध्याकाळी भांडण होतं, आणि जी खालच्या दांडीवर उरते तिच्या पाठीवर वरचीची घाण पडते. सारखी उंची दिल्यापासून आमच्याकडची तुऱ्यावरची रक्तं जवळजवळ थांबली.

गिरिराजची गोष्ट वेगळी. अंगाने जड, पंखात ताकद कमी. वर कशाबशा चढतात, पण सकाळी धप्पकन खाली पडतात आणि पायाला दुखापत होते. त्यांच्यासाठी ४ फुटांची वेगळी दांडी, फक्त १ फूट उंच, पुढच्या भिंतीपासून १ फूट आत. ती आणि गावठींची पुढची दांडी यांच्यात अडीच फूट मोकळी जागा राहते, उतरणाऱ्याला तेवढी लागते. वनराज जातीच्या असतील तरी असंच करा. कडकनाथ हलका आणि चांगला उडणारा, तो गावठींबरोबर वर बसतो.

वर चढायला एक फळीची शिडी द्या. आठ इंच रुंद फळी, दर सहा इंचांवर आडवी पट्टी, उतार फार खडा नको. तरण्या कोंबड्या तिच्याकडे बघणारही नाहीत. पण म्हाताऱ्या कोंबड्या आणि आमची उलट्या पिसांची, जिला नीट उडताच येत नाही, त्या रोज तिच्यावरूनच चढतात.

अंड्याची टोपली किंवा पेटी दांडीपेक्षा खालीच हवी. आमची दीड फुटावर आहे. पेटी उंच गेली की कोंबड्या तिच्यात झोपायला लागतात आणि सकाळी अंडी घाणीने माखलेली मिळतात. पेटी दांडीच्या खाली तर कधीच नको. दाणा-पाण्याची भांडीही तशीच, दांडीच्या रेषेतून बाजूला.

दांडीवर बसलेल्या कोंबडीचं डोकं आणि पत्रा यांच्यात दोन फूट तरी अंतर असू द्या. तापलेला पत्रा खाली आच सोडतो. पत्र्याच्या खाली वाऱ्यासाठी हातभर फट, तिला जाळी. वारा डोक्यावरून जायला हवा, थेट अंगावर नको. विष्ठेच्या वाफेने डोळे चुरचुरतात, तुम्ही वाकून दांडीच्या उंचीवर नाक नेलंत आणि तुमचे डोळे चुरचुरले तर त्यांचेही चुरचुरत असणार. आमच्याकडे पाऊस नैऋत्येकडून झोडपतो, म्हणून दांड्या पूर्वेच्या बंद भिंतीच्या बाजूला आहेत आणि पश्चिमेला झाप बांधतो.

जाळीपासूनही लांब. एका वर्षी दांडीचं टोक जाळीला टेकलेलं होतं आणि टोकाला बसलेल्या तलंगीचा, म्हणजे तरण्या कोंबडीचा, पाय रात्री बाहेरून ओढला गेला. रानमांजर होतं की उदमांजर, कळलं नाही. सकाळी ती जिवंत नव्हती. तेव्हापासून जाळीपासून दांडीवर बसलेली कोंबडी १ फूट आत असते, आणि मोठ्या भोकाची कोंबडी-जाळी काढून अर्ध्या इंची वेल्ड जाळी लावली आहे. टोकांना मात्र माझ्या दांड्या बाजूच्या भिंतीपर्यंत जातात, म्हणून त्या दोन बाजूंना दांडीच्या पातळीवर आतून हातभर रुंद फळ्या मारल्या आहेत.

दांडी खिळ्याने ठोकू नका. हे मी सगळ्यांत कळकळीने सांगते. दोन्ही बाजूंना लाकडाचा ठोकळा बसवा, त्याला वरून उघडी खाच पाडा आणि दांडी त्या खाचेत नुसती ठेवा. घट्ट बसली पाहिजे, गोल फिरता कामा नये. हलणाऱ्या दांडीवर कोंबडी झोपत नाही, रात्रभर तोल सावरत बसते. ६ फुटांच्या दांडीला मधे एक टेकू द्या. आणि हवी तेव्हा उचलून बाहेर नेता आली पाहिजे.

ती उचलावी का लागते, ते आम्हाला एका चैत्रात कळलं. रोज शहाण्यासारख्या आत जाणाऱ्या कोंबड्या अचानक खुराड्याच्या दारात उभ्या राहायला लागल्या. आत बघायच्या, मागे फिरायच्या, फणसाकडे जायच्या. मी त्यांना हाकत होते, ओरडत होते. अंडी कमी झाली, तुरे फिके पडले. दिवसा खुराडं बघितलं, तर काही नाही. शेवटी रात्री दहा वाजता बॅटरी घेऊन गेले आणि पांढऱ्या फडक्याने दांडीची खालची बाजू पुसली. फडक्यावर रक्ताच्या रेघा उमटल्या. दांडी आणि भिंत यांच्या सांध्यात राखेसारखं काहीतरी वळवळत होतं. टाचणीच्या टोकाएवढ्या लाल उवा. डॉक्टर त्यांना माइट म्हणाले. दिवसा त्या फटीत लपतात, रात्री बाहेर येऊन झोपलेल्या कोंबडीचं रक्त पितात आणि उजाडायच्या आत परत फटीत. गोचिडीची एक चपटी जातही असंच करते. म्हणजे माझ्या कोंबड्या मला सांगत होत्या आणि मी त्यांनाच काठीने आत ढकलत होते. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

त्यानंतरचा माझा शिरस्ता असा. दर पंधरा दिवसांनी रात्री फडकं फिरवायचं. दर महिन्याला दांड्या बाहेर काढून खरवडायच्या, उकळतं पाणी ओतायचं आणि दिवसभर कडक उन्हात टाकायच्या. खाचांमध्ये कडुनिंबाचं तेल. भिंतीला वर्षातून दोनदा चुना, सांध्यांमध्ये ब्रश खुपसून. उवा दिसल्या तर दांड्या अंगणात नेऊन त्यांच्यावरून झावळांच्या चुडीचा जाळ फिरवायचा, लाकूड जळणार नाही इतपतच, आणि आठवड्याने हे सगळं पुन्हा, कारण उष्ण हवेत अंड्यांतून नवी पिढी तेवढ्यात तयार होते. खुराडं रिकामं ठेवून त्या मरत नाहीत, कित्येक महिने उपाशी राहू शकतात. कोंबडीच्या अंगाला लावायचं औषध मात्र डॉक्टरांना विचारूनच, रॉकेल वगैरे अंगाला चोळू नका.

दांड्यांखाली जमिनीवर मी चार इंच भाताचं तूस घालते. उतरताना पाय आपटत नाहीत. त्यावर सकाळी चुलीची राख भुरभुरवते, वास मरतो, आणि आठवड्याने सगळं उचलून माडांच्या आळ्यात.

पण राख टाकण्याआधी रोज सकाळी नजर टाकते. प्रत्येक कोंबडीची रात्रीची जागा साधारण ठरलेली असते, त्यामुळे कुठली विष्ठा कुणाची ते कळतं. तपकिरी आणि वर पांढरी टोपी, ती चांगली. मधूनच एखादी चॉकलेटसारखी पातळ, फार घाण वासाची, तीही नेहमीचीच, घाबरू नका. रक्त दिसलं किंवा हिरवं पाणी दिसलं तर त्या जागेवरची कोंबडी लगेच वेगळी करा आणि डॉक्टरांना फोन करा. हिरव्या विष्ठेला मी मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची, शंका घेते, उशीर करत नाही. रोज वर बसणारी एखादी संध्याकाळी खालीच कोपऱ्यात बसली, तरी तिला उचलून बघायची. पायाचा तळवा, पोट, पिसांच्या मुळाशी किडे, या क्रमाने.

पिल्लांना घाई करू नका. आईबरोबर ती जमिनीवरच झोपतात, आमच्याकडे डालग्याखाली. महिन्या-सव्वा महिन्याची झाली की बोटभर जाडीची काठी वीतभर उंचीवर आडवी ठेवते, खेळता खेळता ती चढायला शिकतात. तलंगा झाल्यावर वरच्या दांडीवर जागा मिळवणं त्यांना जड जातं. मग अंधार पडल्यावर एकेकीला उचलायचं, पाय दांडीला टेकवायचे, बोटं वळेपर्यंत हात पोटाखाली ठेवायचा आणि सोडायचं. कोंबडीला अंधारात दिसत नाही, त्यामुळे शेजारणी टोचत नाहीत आणि बसवलेली उतरत नाही. चार-पाच रात्री केलं की सहाव्या संध्याकाळी आपली आपण चढते. बाहेरून आणलेली कोंबडी आठ-पंधरा दिवस वेगळी ठेवून मग अशीच रात्री आत घ्या. आत दिवा लावत असाल तर सगळ्या बसल्याशिवाय तो मालवू नका. एकदम अंधार झाला तर जी जमिनीवर असेल ती रात्रभर तिथेच राहते.

आणि दांड्यांचा दुसरा जोड करून ठेवा. पावसाळ्यात धुतलेली दांडी चार-चार दिवस वाळत नाही, तेव्हा कोरडा जोड आत आणि ओला पडवीत चुलीच्या धगीला. त्यासाठी लाकूड वैशाखातच तोडा, साल लगेच सोला आणि उन्हात पडू द्या. मृग लागल्यावर तोडलेल्या लाकडाला दिवाळीपर्यंत बुरशी सोडत नाही.